सीआरआरटी चालू असताना लॅक्टेट कसं वाचायचं: मशीन जोडण्याआधीपासून बंद केल्यानंतरपर्यंत

सीआरआरटी म्हणजे आयसीयूत सलग, हळूहळू चालणारं डायलिसिस, आणि लॅक्टेट म्हणजे शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्तपुरवठा कमी पडला की, रक्तात वाढणारा पदार्थ (इथले आकडे लिटरमागे मिलिमोलमध्ये). याबद्दल आयसीयूत दोन वाक्यं मी सारखी ऐकतो आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिलं, "लॅक्टेट ९ आलंय, सीआरआरटी लावून टाकू, उतरेल." दुसरं मशीन चालू झाल्यावरचं, "लॅक्टेट उतरतंय खरं, पण ते मशीन धुतंय, त्याला अर्थ नाही." पहिल्यामुळे शॉकचं कारण शोधायचं राहून जातं आणि दुसऱ्यामुळे हातातला एक चांगला आकडा आपण फेकून देतो. रेसिडेंट मंडळी आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी हे लिहितोय, कारण रात्री तीन वाजता एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची) चिठ्ठी हातात घेऊन निर्णय यांनाच घ्यावा लागतो. डोस आणि औषधं तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणेच द्या, मी सांगतोय तो क्रम आणि कुठे पाय घसरतो ते.

टप्पा १ : फिल्टर किती लॅक्टेट काढतो याचं गणित एकदा स्वतः करा

हे गणित कागदावर केल्याशिवाय पुढे जाऊ नका, पाच मिनिटांचं काम आहे.

लॅक्टेटचा रेणू छोटा, साधारण ९० डाल्टनचा, त्यामुळे तो फिल्टरमधून पाण्याबरोबर जवळपास पूर्णच निघून जातो. म्हणजे फिल्टरचा लॅक्टेट क्लिअरन्स (मिनिटाला किती एमएल रक्तातलं लॅक्टेट पूर्ण निघतं) साधारण तुमच्या इफ्लुएंट रेटइतका (फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी). पेशंट ७० किलोचा, डोस २५ एमएल पर किलो पर तास, तर इफ्लुएंट १७५० एमएल तासाला, म्हणजे मिनिटाला २९ एमएल. प्रीडायल्युशन (फिल्टरच्या आधीच रक्तात फ्लुइड मिसळणं) जास्त असेल तर याहूनही कमी.

आता शरीराचं बघा. निरोगी माणूस दिवसाला किलोमागे साधारण २० मिलिमोल लॅक्टेट बनवतो आणि तेवढंच संपवतो, मुख्यतः लिव्हर, मग किडनी, हृदय, स्नायू. ७० किलोला हे दिवसाला १४०० म्हणजे तासाला ५८ मिलिमोल झालं. रक्तात लॅक्टेट १ ठेवून एवढं संपवायचं तर क्लिअरन्स मिनिटाला हजार एमएलच्या आसपास लागतो. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सीव्हीव्हीएचडीएफवरच्या (सीआरआरटीचाच एक प्रकार) पेशंटमध्ये हे प्रत्यक्ष मोजलं होतं, फिल्टरचा क्लिअरन्स मिनिटाला २४ एमएल आणि शरीराचा एकूण १३७९ एमएल निघाला, म्हणजे फिल्टरचा वाटा ३ टक्क्यांपेक्षाही कमी.

एक उदाहरण मी सगळ्यांकडून करून घेतो. लॅक्टेट ५ वर स्थिर आहे, शरीराचा क्लिअरन्स १०००, फिल्टरचा २९. फिल्टर बंद पडला तर लॅक्टेट कितीवर जाऊन थांबेल? ५ गुणिले १०२९ भागिले १०००, म्हणजे ५.१५. बस, एवढंच. एबीजी मशीनवर दोन सॅम्पल पाठोपाठ लावले तरी एवढा फरक दिसू शकतो.

लिव्हर खलास असेल आणि शरीराचा क्लिअरन्स २०० वर आला असेल तर तेच गणित ५.७ वर जातं. म्हणजे फिल्टरचा वाटा वाढतो हे खरं, पण तरीही ५ चे ९ झाले तर ते फिल्टर बंद पडल्यामुळे झालेले नाहीत.

तपासणी: तुमच्या पेशंटचा इफ्लुएंट रेट ६० ने भागून मिनिटाचा आकडा काढा आणि चार्टच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. राउंडला कोणी "मशीन धुतंय" म्हणालं की तो आकडा दाखवा.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. लॅक्टेट उतरवण्यासाठी डोस ४०-५० वर नेण्यात काही हाशील नाही. २००८ ची एटीएन, २००९ ची रीनल आणि २०१३ ची आयव्हॉयर, तिन्ही ट्रायलमध्ये जास्त डोसने जीव जास्त वाचले नाहीत, उलट फॉस्फेट आणि अँटिबायोटिक जास्त धुऊन जातात.

टप्पा २ : जोडण्याआधीची तयारी

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. कॅथेटर टाकला, सर्किट (मशीनच्या नळ्या आणि फिल्टर) प्राइम झालं, नातेवाइकांची सही झाली आणि जोडलं, मग सहा तासांनी लॅक्टेट वाढलं की कोणालाच सांगता येत नाही की हे आधीपासूनच वाढत होतं की जोडल्यानंतर. तर आधी हे करा.

१. जोडण्याआधी किमान दोन लॅक्टेट हवेत, मध्ये दोनेक तासांचं अंतर. एकच आकडा म्हणजे फोटो, दोन आकडे असले की दिशा कळते. पेशंट एवढा वाईट असेल की दोन तास थांबता येत नाही, तर थांबू नका, पण कॅज्युअल्टीतली पहिली एबीजी शोधून काढा, ती कुठेतरी असतेच.

२. युनिट बघा. एबीजी मशीन बहुतेक ठिकाणी मिलिमोलमध्ये देतं, लॅब कधीकधी मिलिग्रॅममध्ये. मिलिग्रॅमला ९ ने भागायचं. दुसऱ्या हॉस्पिटलमधून आलेल्या पेशंटच्या कागदावर लॅक्टेट ३६ बघून सगळे हादरलेले मी पाहिलेत, ते ४ होतं.

३. लॅक्टेट वाढवणाऱ्या गोष्टींची यादी करा, आणि शॉक, सेप्सिस लिहून थांबू नका. ॲड्रिनलिन चालू आहे का (ते बीटा-२ मुळे लॅक्टेट वाढवतं, रक्तपुरवठा ठीक असतानाही), साल्ब्युटामॉल नेब्युलायझेशन किती होतंय, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी), लिनेझोलिड (अँटिबायोटिक) बरेच दिवस चाललंय का, प्रोपोफॉल मोठ्या डोसमध्ये आहे का, फिट आली होती का, आतड्याचा रक्तपुरवठा, कंपार्टमेंट सिंड्रोम (आत दाब वाढून रक्तपुरवठा अडणं). शेतातून आलेल्या पेशंटमध्ये सेल्फॉस (धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या) आणि उंदराच्या औषधाची हिस्टरी नातेवाइकांना बाजूला घेऊन शांतपणे विचारा, गर्दीत कोणी सांगत नाही.

४. थायमिन. दारूची सवय, खूप दिवसांची उपासमार, सारख्या उलट्या, यातलं काहीही असेल तर थायमिन आत्ताच द्या, रिपोर्टची वाट नको. थायमिन नसेल तर पायरुव्हेट पुढे जाऊ शकत नाही आणि लॅक्टेट साठत जातं. त्यात थायमिन पाण्यात विरघळणारं, सीआरआरटीमध्ये ते वाहून जातं. म्हणजे आधीच कमी, त्यात आपण आणखी काढतोय. याचा विचार रोज व्हायला हवा आणि तोच सगळ्यात जास्त राहून जातो.

५. लिव्हरची अवस्था लिहा: आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), बिलिरुबिन, शुगर टिकतेय का. हे पुढे सायट्रेटच्या (सर्किटमधलं कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं औषध) वेळी लागणार आहे.

सावधान: फक्त लॅक्टेट जास्त आहे म्हणून सीआरआरटी लावायची नसते. पोटॅशियम, ॲसिडोसिस (रक्तात ॲसिड वाढणं), पाणी साठणं, युरिया वाढून झालेला त्रास, काही विषं, ही कारणं आहेत. कारण "लॅक्टेट ९" एवढंच लिहिलं असेल तर परत पेशंटच्या बेडजवळ जा.

टप्पा ३ : बॅगचं लेबल वाचा, खरंच वाचा

इथे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ही चूक खर्चाच्या दडपणाखाली होते.

रिप्लेसमेंट फ्लुइड (काढलेल्या पाण्याच्या बदल्यात रक्तात मिसळतात ते) आणि डायलिसेट (फिल्टरमध्ये रक्ताच्या पलीकडून वाहतं ते) दोन प्रकारचे: बायकार्बोनेटवाले आणि लॅक्टेटवाले. लॅक्टेटवाल्यात लिटरमागे साधारण ४० मिलिमोल लॅक्टेट असतं, पेरिटोनियल डायलिसिसच्या बॅगाही साधारण त्याच वर्गातल्या. तासाला १७५० एमएल गेलं तर तासाला ७० मिलिमोल लॅक्टेट पेशंटमध्ये जाऊ शकतं. टप्पा १ मधलं गणित आठवा, शरीर स्वतः तासाला ५८ बनवतं. म्हणजे शॉकमधल्या, लिव्हर दमलेल्या पेशंटवर आपण बाहेरून ओझं दुपटीच्याही वर नेतो, आणि वर फिल्टर काढणार किती, तर लॅक्टेट ५ असताना तासाला जेमतेम ९.

चांगली लिव्हर हे लॅक्टेट बायकार्बोनेटमध्ये बदलते, म्हणून स्थिर पेशंटमध्ये आकडा थोडा वर जाऊन थांबतो आणि पीएच सुधारतो. लिव्हरला जमत नसेल तर लॅक्टेट चढतं आणि बेस एक्सेस (ॲसिड किती साठलंय ते दाखवणारा आकडा) आणखी खाली जातो, दोन्ही एकाच वेळी. हे चित्र दिसलं की बॅग बदलायची, विचार करत बसायचं नाही. केडीआयजीओच्या (किडनीच्या आजारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) २०१२ च्या गाइडलाइनमध्येही शॉक, लिव्हर फेल्युअर आणि लॅक्टिक ॲसिडोसिस असलेल्या पेशंटला बायकार्बोनेटवालंच सांगितलंय.

पीडीची (पेरिटोनियल डायलिसिसची) बॅग स्वस्त पडते हे मला माहीत आहे, नातेवाइकांनी दागिने गहाण टाकून आणलेले पैसे असतात हेही रोज बघतो. पण शॉकमधल्या पेशंटला लॅक्टेटवालं देऊन मग चढत्या लॅक्टेटच्या मागे सीटी, इको, आणखी अँटिबायोटिक असं धावलो तर ते कुटुंबाला जास्तच महाग पडतं. बायकार्बोनेटवालं मिळत नसेल आणि दुसरा काहीच मार्ग नसेल तर निदान चार्टवर ठळक लिहा की लॅक्टेटवालं फ्लुइड चालू आहे, आजपासून लॅक्टेटचा आकडा शॉकसाठी वाचता येणार नाही.

बायकार्बोनेटवाल्या तयार बॅगांमध्येही थोडं लॅक्टेट असतं, नेहमीच्या दोन कप्प्यांच्या बॅगांमध्ये मिसळल्यावर लिटरमागे ३ मिलिमोल. त्याने घाबरू नका. पण पेशंटचं लॅक्टेट २ असेल तर फिल्टर ते काढतच नाहीये, किंचित देतोय, हे ध्यानात असू द्या. "सीआरआरटीवर आहे तरी २ च्या खाली जात नाही" ही तक्रार मग करावीशी वाटणार नाही.

तपासणी: दोन कप्प्यांच्या बॅगेचं मधलं सील फोडलं का, दोन्ही बाजू मिसळल्या का, हे टांगण्याआधी दोघांनी बघा. सील तसंच राहिलं तर नुसतं बायकार्बोनेटवालं पाणी जातं, कॅल्शियम नाही. पेशंट अल्कलोसिसमध्ये (ॲसिडोसिसच्या उलट) जातो, आणि अल्कलोसिसने ग्लायकोलिसिसला (पेशींतली साखर मोडण्याची क्रिया) जोर येऊन लॅक्टेटही वाढतं.

टप्पा ४ : जोडतानाचा पहिला तास

सर्किटमध्ये दीडशे-दोनशे एमएल रक्त जातं. नाजूक पेशंटचं प्रेशर तेवढ्यानेही पडतं, मग तासाभरात लॅक्टेट थोडं वर जातं. म्हणून ब्लड पंप ५० ते १०० एमएलवर सुरू करून हळूहळू वाढवा, नॉरॲड (प्रेशर वाढवणारं नॉरॲड्रिनलिन) हाताशी तयार ठेवा, आणि पहिला अर्धा-एक तास नेट यूएफ (पेशंटमधून निव्वळ काढलेलं पाणी) शून्य. पाणी काढायची घाई नको, आधी पेशंटला मशीनची सवय होऊ द्या.

शरीराचं तापमान बघा. रक्त बाहेर फिरून थंड होऊन येतं, पेशंट कुडकुडला की स्नायूंमधून लॅक्टेट येतं. वॉर्मर चालू करा, आणि ताप नाही म्हणून इन्फेक्शन गेलं असं समजू नका, मशीन ताप लपवतं.

पहिल्या तासातलं लॅक्टेट पाठवू नका असं मी म्हणत नाही, पण त्यावर मोठा निर्णय घेऊ नका. पहिला खरा आकडा दोन ते चार तासांचा.

टप्पा ५ : सॅम्पल कुठून, कसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्याही अनुभवी लोकांकडून.

एका पावसाळ्यातली गोष्ट. लेप्टोस्पायरोसिसचा तरुण पेशंट, किडनी बंद, पिवळाजर्द, सीआरआरटी सायट्रेटवर, ॲड्रिनलिन आणि नॉरॲड दोन्ही चालू. संध्याकाळी लॅक्टेट ५.४. रात्री दोनची चिठ्ठी आली ४.४. सगळ्यांना हायसं वाटलं, इनोट्रोप (हृदय आणि प्रेशर सांभाळणारी औषधं) उतरवायला घेतले. मी चिठ्ठी हातात घेतली तर खाली आयनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम ०.३३. एवढ्या कॅल्शियमवर माणूस मॉनिटरवर असा शांत राहूच शकत नाही. ते सॅम्पल पेशंटचं नव्हतंच, फिल्टरनंतरच्या पोर्टमधलं होतं, सायट्रेटसाठी काढलेलं, आणि दोन सिरिंजांची लेबलं अदलाबदल झाली होती. आर्टलाइनमधून (धमनीतल्या नळीतून) परत काढलं, लॅक्टेट ५.९. मधला पाऊण तास आपण उलट्या दिशेने गेलो होतो. तेव्हापासून मी लॅक्टेटच्या आधी कॅल्शियम बघतो, चिठ्ठी कुणाची आहे ते तिथेच कळतं.

म्हणून:

१. पेशंटचं सॅम्पल आर्टलाइनमधून, नेहमी त्याच जागेवरून. लाइनमधलं पाणी मिसळलेलं रक्त आधी पूर्ण काढा, डेड स्पेसच्या दोन-तीन पट.

२. फिल्टरनंतरच्या सॅम्पलला वेगळ्या रंगाचं लेबल, सिरिंजवरच, ट्रेवर नाही. दोन सिरिंज एकाच ट्रेमध्ये घेऊन जाऊ नका.

३. ज्या हातात रिंगर लॅक्टेट चालू आहे त्या हातातून काढू नका. त्या बाटलीत लिटरमागे २८ मिलिमोल असतं, थोडं मिसळलं तरी आकडा बिघडतो.

४. पंधरा मिनिटांच्या आत मशीनवर लावा. सिरिंजमध्ये लाल पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. उशीर होणार असेल तर बर्फ, लॅबला पाठवायचं असेल तर फ्लोराइडची राखाडी ट्यूब.

५. शक्यतो सगळे सॅम्पल एकाच एबीजी मशीनवर. कॅज्युअल्टीचं मशीन आणि आयसीयूचं मशीन यांच्यातला फरक ट्रेंड म्हणून वाचला जातो.

सावधान: विषबाधेचा पेशंट असेल आणि एबीजी मशीनवर लॅक्टेट प्रचंड, पण लॅबच्या मशीनवर त्यामानाने खूप कमी, तर इथिलीन ग्लायकॉलचा विचार करा. त्यातून तयार होणारं ग्लायकोलेट काही मशीनला लॅक्टेटसारखं दिसतं.

टप्पा ६ : आकडा वाचायचा क्रम

पहिले चोवीस तास दर दोन ते चार तासांनी, नंतर पेशंट बघून. प्रत्येक वेळी चार गोष्टी एकाच ओळीत लिहा: लॅक्टेट, पीएच आणि बेस एक्सेस, इनोट्रोपचा डोस, त्या तासाला किती पाणी काढलं. नुसता लॅक्टेटचा आकडा वेगळ्या कागदावर असेल तर तो काहीच सांगत नाही.

*उतरतंय.* इनोट्रोपही कमी होतोय, हातपाय गरम होतायत, तर ते खरं आहे, फिल्टरचं श्रेय नाही, पेशंट सुधारतोय. त्या उतरण्यावर विश्वास ठेवा. लॅक्टेट उतरतंय पण नॉरॲड वाढवावं लागतंय, तर पहिलं सॅम्पल बघा, मग ॲड्रिनलिन थांबवलं होतं का ते बघा.

*पीएच सुधारला, लॅक्टेट तिथेच.* ही सगळ्यात फसवी अवस्था आहे. बायकार्बोनेट आपण बॅगेतून देतोय, सहा-आठ तासांत पीएच ७.१५ वरून ७.३५ वर येतो, बेस एक्सेस छान दिसतो आणि सगळ्यांना वाटतं पेशंट सुधारला. लॅक्टेट मात्र ८ चं ८. मशीन लॅक्टेट लपवत नाही, ॲसिडोसिस लपवतं. म्हणून सीआरआरटी चालू झाली की बेस एक्सेसवरून शॉकचा अंदाज बांधणं बंद करा. तिथून पुढे धोका सांगणारा आकडा लॅक्टेटचाच, त्याच्याचकडे दुर्लक्ष करून कसं चालेल? पोट सुजलंय का, दाबल्यावर दुखतंय का, एनजीमधून (नाकातून पोटात टाकलेली नळी) काय येतंय, हृदयाचं इको झालं का, गळू कुठे राहिलाय का, हे पुन्हा पहिल्यापासून.

*चढतंय.* आता क्रमाने जा, क्रम बदलू नका:

१. सॅम्पल बरोबर होतं का? शंका असेल तर लगेच परत.

२. पाणी किती काढतोय? गेल्या दोन-तीन तासांत नेट यूएफ वाढवलं असेल तर आधी तेच शून्यावर आणा. किलोमागे तासाला १.७५ एमएलच्या वर काढलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त दिसले होते, ७० किलोला हे सव्वाशेच्या आसपास होतं. "आज बॅलन्स मायनस दोन लिटर हवाच" असं सकाळी ठरवलं म्हणून रात्री शॉकमधल्या पेशंटकडून ते वसूल करायचं नसतं.

३. कॅपिलरी रिफिल बघा. बोटाच्या पेरावर काचेची स्लाइड दहा सेकंद घट्ट दाबा, सोडा, रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी आहे. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक ट्रायलमध्ये नुसत्या लॅक्टेटवर उपचार चालवण्यापेक्षा रिफिलवर चालवणं निदान वाईट तरी ठरलं नाही, आणि याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. मात्र सर्किटमुळे बोटं थंड पडलेली असतील तर आधी ऊब द्या, मग मोजा.

४. रिफिल चांगलं आणि लॅक्टेट चढतंय? मग औषधांच्या यादीकडे या. ॲड्रिनलिन कधी सुरू झालं, थायमिन दिलं का, फ्लुइड बॅग बदलली का, सील फोडलं होतं का, साखर कशी आहे.

५. रिफिल वाईट आणि लॅक्टेट चढतंय? हा शॉक आहे. सीनियरला उठवा. डोस वाढवून बघू, सकाळी बघू, असं नाही.

टप्पा ७ : सायट्रेट चालू असेल तर

सायट्रेट आणि लॅक्टेट दोन्ही शेवटी एकाच भट्टीत जळतात, पेशीतल्या क्रेब्स सायकलमध्ये, मुख्यतः लिव्हर आणि स्नायूंत. भट्टीला ऑक्सिजन कमी पडला की दोन्ही साठतात. म्हणून चढतं लॅक्टेट हे सायट्रेट साठण्याची आगाऊ सूचना आहे. सुरुवातीला लॅक्टेट ४ च्या वर आहे म्हणून सायट्रेट द्यायचंच नाही असं नाही, उपचाराने लॅक्टेट उतरत असेल तर बहुतेकांना ते चालतं. लॅक्टेट जास्त, चढतं, आणि लिव्हर फेल, हे तिन्ही एकत्र असतील तर टाळा.

रेशो काढायचा तो असा. टोटल कॅल्शियम भागिले पेशंटचं आयनाइज्ड कॅल्शियम, दोन्ही मिलिमोलमध्ये. लॅबचं टोटल मिलिग्रॅममध्ये येतं, त्याला ४ ने भागा. उदाहरण: टोटल १०.८ मिलिग्रॅम म्हणजे २.७ मिलिमोल, आयनाइज्ड ०.९८, रेशो २.७५. अडीचच्या वर म्हणजे सायट्रेट साठतंय.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, १०.८ ला सरळ ०.९८ ने भागलं, ११ आलं, "काहीतरी चुकलंय" म्हणून कागद बाजूला ठेवला. दोन, भागताना फिल्टरनंतरचं आयनाइज्ड घेतलं. तिथे ०.२५ ते ०.३५ असायलाच हवं, ते पेशंटचं नाही.

साठण्याचं चित्र असं दिसतं: पेशंटचं आयनाइज्ड खाली येतंय, कॅल्शियमचं इन्फ्युजन वाढवत वाढवत चाललोय, टोटल मात्र वर, ॲनायन गॅप (न मोजलेली ॲसिडं दाखवणारा आकडा) वर, लॅक्टेट वर. अशा वेळी नुसतं कॅल्शियम वाढवत राहू नका. सायट्रेटचा डोस कमी करा, प्रोटोकॉलप्रमाणे ब्लड फ्लो कमी करून डायलिसेट वाढवा, तरी रेशो उतरत नसेल तर सायट्रेट बंद, आणि शॉक शोधा, कारण बहुतेक वेळा मूळ रोग तोच असतो.

टप्पा ८ : मेटफॉर्मिनचा पेशंट, इथे नियम थोडा वेगळा

डायबेटिस, चार दिवस उलट्या-जुलाब, लघवी कमी, गोळ्या मात्र घरच्यांनी नियमाने दिलेल्या, आणि लॅक्टेट १८, पीएच ६.९. आपल्याकडे हा पेशंट दर उन्हाळ्यात येतो. इथे डायलिसिसने लॅक्टेट उतरतं, पण ते लॅक्टेट धुतल्याने नाही तर मेटफॉर्मिन निघाल्याने आणि पीएच सुधारल्याने.

एक्स्ट्रिपच्या (विषबाधेत डायलिसिस केव्हा करायचं ते सांगणारा तज्ज्ञांचा गट) २०१५ च्या शिफारशींत लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० किंवा त्याखाली असेल, किंवा नेहमीच्या उपचाराने भागत नसेल, तर डायलिसिस करा असं स्पष्ट आहे, आणि आधी पसंती साध्या हिमोडायलिसिसला, बायकार्बोनेटवाल्या. ते मेटफॉर्मिन कितीतरी वेगाने काढतं. प्रेशर झेपत नसेल किंवा हिमोडायलिसिस उपलब्ध नसेल तरच सीआरआरटी. थांबायचं केव्हा, तर लॅक्टेट ३ च्या खाली आणि पीएच ७.३५ च्या वर गेल्यावर, पण पेशींतलं मेटफॉर्मिन परत रक्तात येतं म्हणून त्यानंतरही लॅक्टेट मोजत राहा.

टप्पा ९ : सर्किट बंद पडलं, किंवा पेशंटला सीटीला नेलं

सर्किट गोठून बंद पडलं तर त्यातलं दीडशे-दोनशे एमएल रक्त बहुधा परत देता येत नाही. लॅक्टेट वाढलंच तर आधी हिमोग्लोबिन आणि प्रेशर बघा.

डाउनटाइम लिहा, मिनिटांत. कागदावर २५ चा डोस आणि दिवसातले सहा तास मशीन बंद, म्हणजे पेशंटला १९ च्या आसपासच मिळाला. लॅक्टेटला याने फरक पडत नाही, पोटॅशियमला आणि पीएचला पडतो. पीएच परत घसरला की लोक म्हणतात लॅक्टेट वाढलं असेल, मोजून बघा, बऱ्याचदा नसतं.

टप्पा १० : मशीन काढताना

काढण्याआधी एक लॅक्टेट, आर्टलाइनमधून. रक्त परत देत असताना किंवा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत सॅम्पल घेऊ नका. मग चार तासांनी एक आणि बारा तासांनी एक. लिव्हर ठीक असलेल्या पेशंटमध्ये हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, ५ चे ५.१५ आठवा. चार तासांनी २ चे ४ झाले तर ते मशीन काढल्यामुळे नाही, नवीन काहीतरी आहे, कॅथेटर काढलेल्या जागेवर रक्तस्राव होत नाहीये ना हे मांडीवरची पट्टी उघडून बघा.

नातेवाइकांशी बोलताना "मशीनने रक्तातलं ॲसिड साफ होईल" एवढंच सांगून सही घेऊ नका. मी सांगतो ते असं: "काका, हे मशीन किडनीचं काम करेल, पाणी आणि क्षार सांभाळेल, आजार बरा व्हायला वेळ मिळेल. आजार आम्ही औषधांनी धरायचा प्रयत्न करतोय, तो धरला गेला की हा आकडा खाली येईल, आणि तो आकडा मी रोज सकाळी तुम्हाला सांगेन." आणि मग रोज सकाळी सांगतो, चढला असेल तरी.